खेकड्याची नांगी

माणसे हवापालटाला महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात. गेला बाजार लोणावळ्याला जाऊन चिक्की तरी घेऊन येतात. गेल्या डिसेंबरात मी जो प्रवास केला, त्यातल्या स्थळांची नावे ऐकून शेजाऱ्यांनी माझ्या प्रकृतीची चौकशी केली. मसजिद बंदराजवळची नागदेवी स्ट्रीट, रे रोडचा दारूखाना आणि शेवटी पवई! तिन्ही ठिकाणे मुंबईतलीच. लोकलच्या तिकिटाखेरीज फारसा खर्च नाही. पण पस्तीस वर्षे या शहरात बँकेची नोकरी करून जी मुंबई मला दिसली नव्हती, ती मला एका खेकड्याने दाखवली.

हा खेकडा लोखंडाचा. वजन बरोबर पंधरा किलो; एक ग्रॅमही जास्त चालत नाही. त्याचे जनक चौघे. त्यांतला एक माझा सख्खा भाचा. पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्याबरोबर पैशांचा हिशेब ठेवणारा एक खजिनदार, कागदावर आकडेमोड करणारी एक गणिती मुलगी आणि सदैव भूक लागलेला एक चौथा. सामन्याच्या आठ दिवस आधी ही चौकडी आमच्या दादरच्या घरी उतरली. दिवाणखान्यातली सतरंजी उचलली गेली आणि तिथे खेकडा विराजमान झाला. आमच्या हिने एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती मुकाट्याने कणीक भिजवायला गेली.

ज्यांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही यंत्रांची कुस्ती. यंत्रमानव म्हणतात खरे, पण मानवाचे त्यात काही नसते. चाके असतात, चिलखत असते आणि एक शस्त्र असते. मालक रिंगणाबाहेर उभे राहून बिनतारी यंत्राने त्यांना चालवतात. इंग्लंडात बी.बी.सी.ने १९९८ साली ‘रोबोट वॉर्स’ नावाची मालिका दाखवायला सुरुवात केली आणि घरोघरची मुले या खेळाने झपाटली. आपल्याकडे पवईच्या आय.आय.टी.चा ‘टेकफेस्ट’ त्याच साली सुरू झाला, आणि पुढे तिथले यंत्रांचे सामने पाहायला गावोगावचे विद्यार्थी येऊ लागले.

बहुतेक यंत्रांचे शस्त्र म्हणजे गरगर फिरणारे पाते किंवा ढोल. फिरते शस्त्र एका टोल्यात समोरच्याचे चाक उडवते. आमच्या मंडळींना मात्र मारामारी नको होती, त्यांना पकड हवी होती. समोरच्याला नांगीत धरायचे, चाके जमिनीपासून सुटतील असे किंचित उचलायचे आणि भिंतीशी नेऊन दाबून ठेवायचे. मला हे ऐकून बरे वाटले. आपल्या कुस्तीतही पकडीचाच मान मोठा.

आता प्रश्न एवढाच होता, की नांगी मिटायची कशाच्या जोरावर?

आदल्या वर्षी त्यांनी ती हवेवर चालवली होती. पन्नास मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि आठ बारचा दाब. गणिती मुलीने मला जेवणाच्या टेबलावर बोटाने आकडे काढून दाखवले: दट्ट्यावर जोर सुमारे एकशे साठ किलो; दट्ट्या खिळीपासून चार सेंटिमीटरवर आणि नांगीचे टोक सोळा सेंटिमीटरवर, म्हणजे टोकाशी त्याचा चौथा हिस्सा, चाळीस किलो. मिटायला अर्धा सेकंदही नको. पण हवा दाबली की दबते. समोरच्या यंत्राने हिसडा दिला की नांगी स्प्रिंगसारखी उघडे. शिवाय टाकीत हवा मोजकी. चार-सहा पकडी झाल्या की दाब उतरे. उपांत्य सामन्यात एका पात्याने हवेची नळी कापली आणि खेकड्याने सगळ्यांसमोर ‘फुस्स’ केले.

त्या वर्षीची दुसरी गोष्ट मला भाच्याने नाही, माझ्या बहिणीने सांगितली. तालमीच्या वेळी नांगी अवेळी मिटली आणि भाच्याचे बोट तिच्यात सापडले. चौथ्याने नळी उपटली, हवा गेली, नांगी सुटली, नखावर निभावले. यंदा ही मंडळी माझ्याकडे येणार म्हटल्यावर बहिणीचा फोन आला. “दादा, जिंकू देत, हरू देत. तू त्याच्या बोटांवर लक्ष ठेव.” बहिणीला हा एकच मुलगा. मी “हो” म्हटले. पण कसे ठेवायचे ते मला कळत नव्हते.

पहिल्या रात्री आमच्याकडे जी सभा भरली, तशी आमच्या सोसायटीची वार्षिक सभाही कधी रंगली नाही. खजिनदाराचे मत तेलाला. तेल हवेसारखे दबत नाही. एवढ्याशा सिलिंडरातून टनावारी जोर निघतो. रस्ते खणणारी यंत्रे त्यावरच चालतात. इंग्लंडच्या मालिकेत ‘रेझर’ नावाचे एक यंत्र होते. त्याची चोच तेलावर मिटे आणि समोरच्याचे चिलखत भोसकून आत जाई. पाचव्या मालिकेत ते विजेते ठरले. पण पंप, टाकी, तेल, जाड नळ्या एवढा संसार पंधरा किलोंत मावेना. नांगीच्या वाट्याला सगळे मिळून तीन किलो होते. तेल बाद झाले.

भाच्याचे मत स्क्रूला. एक लांब आट्यांचा दांडा, त्यावर नट, दांडा फिरवायला हातड्रिलची मोटर. दांडा फिरला की नट सरकतो आणि नांगी ओढतो.

“याचा मोठा गुण कोणता ठाऊक आहे का मामा?” तो म्हणाला. “मोटर बंद केली तरी पकड सुटत नाही.”

“ते कसे?”

“तुझ्या गाडीचा जॅक आठव. हात काढला म्हणून गाडी खाली येते का?”

मग त्याने मला जे समजावले ते मी कधी विसरणार नाही. आटा म्हणजे खांबाभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. चढ सौम्य असला की गाडी घाटात सोडली तरी मागे घरंगळत नाही. घर्षण तिला धरून ठेवते. चढ उभा केला की घरंगळते. त्यांचा दांडा सोळा मिलिमीटरचा आणि एका फेऱ्याला चार मिलिमीटर चढणारा. म्हणजे चढ जेमतेम पाच अंशांचा. गाडी मागे येण्याची भीती नाही. मात्र या धरून ठेवण्याची किंमत मोजावी लागते. जो स्क्रू उलट घरंगळत नाही, तो दिलेल्या शक्तीतली निम्म्याहून अधिक घर्षणात खातो. यांचा तर जवळजवळ दोन तृतीयांश खात होता. मधे पोलादी गोळ्या घातलेला बॉलस्क्रू मिळतो. तो शंभरातले नव्वद परत देतो, पण त्याला धरून ठेवता येत नाही. “म्हणजे सरळ हाताचा आणि ढिल्या मुठीचा,” मी म्हणालो. बँकेत असे ग्राहक मी पुष्कळ पाहिले होते.

गणिती मुलीने हिशेब मांडला. मोटरीने पाच न्यूटन-मीटरचा पीळ दिला तर नटाला दोनशे ऐंशी किलोंची ओढ. नांगीच्या टोकाशी सत्तर किलो. हवेपेक्षा पाऊणपट जास्त आणि तीही न सुटणारी. पण सहा सेंटिमीटर सरकायला पंधरा फेरे, म्हणजे दीड सेकंद. समोरचा काय दीड सेकंद उभा राहणार?

इथे आमच्या हिने सभेत भाग घेतला. जेवणानंतर सुपारी कातरत ती सगळे ऐकत होती. तिने अडकित्ता पुढे केला आणि म्हणाली, “सुपारी मी टोकाशी धरते का? खिळीजवळ धरते. तुमची नांगी एवढी लांब कशाला?”

क्षणभर कुणी बोलले नाही. मग मुलीने कागद ओढला. नांगी सोळा सेंटिमीटरांवरून बारावर आणली की टोकाचा जोर सत्तरावरून त्र्याण्णव किलोंवर जातो. आणि तोंड पुरते न उघडता समोरच्याच्या रुंदीपेक्षा थोडेसेच उघडे ठेवायचे ठरवले, तर मिटायला सेकंदभरसुद्धा लागत नाही. स्क्रूचा ठराव एकमताने संमत झाला. चौथ्याने अनुमोदन देऊन उरलेला शिरा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादरहून धीमी लोकल पकडून आम्ही मसजिद बंदरला उतरलो. पुलावरून पश्चिमेला उतरले की कपड्यांची, कागदाची, मसाल्यांची अशी एकेक गल्ली लागते. नागदेवीत शिरलो आणि कान, नाक, डोळे तिन्ही बदलले. वंगणाचा वास, साखळ्यांचा खळखळाट, आणि दोन्ही बाजूंना खणाएवढी दुकाने. एकात नुसते नटबोल्ट, एकात नुसते पट्टे, एकात नुसत्या पकडी आणि पाने. मधून हातगाडी येते आणि “बाजू, बाजू” अशी आरोळी झाली की गल्लीतली सारी माणसे भिंतीला पाठ लावतात.

बेअरिंगच्या दुकानात भाच्याने नुसता आकडा सांगितला: ५११०१. म्हाताऱ्या शेटजींनी मागे न पाहता हात वर नेला आणि डबी काढली. माझे आश्चर्य पाहून ते खुलले. बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे पाहायचे, त्यांनी सांगितले. शून्य शून्य म्हणजे भोक दहा मिलिमीटर, शून्य एक म्हणजे बारा, शून्य दोन म्हणजे पंधरा, शून्य तीन म्हणजे सतरा. शून्य चारपासून पुढे सरळ पाचाने गुणायचे. पस्तीस वर्षे मी आकड्यांत काढली, पण आकड्याला बोट घातल्यावर मापात बसावे असा अनुभव पहिलाच.

हे बेअरिंग कशाला, तर नांगी दोनशे ऐंशी किलोंनी ओढली जाते तेव्हा दांडाही तितक्याच जोराने उलट ओढला जातो. तो जोर मोटरीच्या नाजूक गिअरवर गेला तर गिअर फुटतील. तो या चकतीसारख्या बेअरिंगने झेलायचा. पाहता पाहता मला कळू लागले होते, आणि त्याचा मला अभिमानही वाटू लागला होता.

दांडा मात्र तयार घ्यायचा नव्हता. मसजिदहून हार्बरच्या गाडीने सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड ओलांडून आम्ही रे रोडला उतरलो. इथला दारूखाना नावावरून वाटतो तसा नाही. ही दारू तोफेची. जुनी जहाजे तोडण्याचा धंदा या किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चालत आला. गोदामांत नांगर, साखळदंड, माणसाएवढे पंख्याचे पाते, पितळी झरोके पडलेले. ज्या जहाजांनी जग पाहिले त्यांचे अवयव इथे किलोवर विकतात.

अशाच एका गोदामाच्या पोटात लेथ होता आणि लेथवर एक रत्नागिरीकडचे मिस्त्री. वय सत्तरीच्या आसपास. डाव्या हाताची दोन बोटे नाहीत. त्यांनी मुलीचे रेखाचित्र उजेडाकडे धरून पाहिले. “नट कशाचा?”

“गनमेटलचा,” भाचा म्हणाला. “पोलादावर पोलाद चिकटेल म्हणून.”

“आणि नट घट्ट बसवणार?”

“नाही. दोन बाजूंना खुंट्या ठेवून झुलता. नांगी वळली की नटही वळेल. नाहीतर दांडा वाकेल.”

मिस्त्रींनी मान हलवली. विद्यार्थी पास होत होता. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि विचारले, “पकडलं. वीज गेली. सोडवायचं कसं?”

भाचा अभिमानाने म्हणाला, “सुटतच नाही! तीच तर खुबी आहे.”

मिस्त्रींनी डावा हात पुढे केला. “मलाही असंच सांगितलं होतं,” ते म्हणाले.

त्यांनी गोष्ट लांबवली नाही. तरुणपणी एका कारखान्यात ते प्रेसवर होते. हात आत असताना प्रेस खाली आली आणि तळाशी जाऊन अडकली. कुणीतरी धावत जाऊन वीज तोडली. पण वीज तोडल्याने यंत्र थांबते, उघडत नाही. चाक उलट फिरवायची किल्ली असते, ती जागेवर नव्हती. ती सापडेपर्यंत वीस मिनिटे गेली. “बोटं प्रेसनं घेतली,” ते म्हणाले, “पण ती वीस मिनिटं मात्र किल्लीनं घेतली.”

मी भाच्याकडे पाहिले. तो आपल्या उजव्या हाताच्या नव्या नखाकडे पाहत होता. गेल्या वर्षी नळी उपटून बोट सुटले होते. या वर्षीच्या नांगीत उपटायला नळीच नव्हती. जोर मात्र दुपटीहून जास्त होता. ज्या गुणावर भाळून आम्ही सर्वांनी एकमताने ठराव केला, त्यातच हे बसले होते आणि चार हुशार मुलांना आणि एका मामाला ते दिसले नव्हते.

“मग हवाच घ्यावी का?” मी घाबरत विचारले.

“कशाला? स्क्रू चांगलाच आहे,” मिस्त्री म्हणाले. “दांडा मागून एक इंच बाहेर काढा. मी त्याला चौकोनी टोक करून देतो. किल्ली लावली की हातानं उलटा फिरेल. अन् किल्ली खिशात नाही ठेवायची. गळ्यात.”

मग त्यांनी लेथ सुरू केला. गज फिरू लागला, हत्यार कडेकडेने सरकू लागले, तेलाचा धूर आला आणि लखलखीत तारेचे वेटोळे खाली पडू लागले. एकाच वाटेने पुन्हा पुन्हा, दर खेपेला केसभर खोल. तासाभराने माझ्या हातात तो घाटरस्ता आला, अजून गरम. टोकाला छोटासा चौकोन. एक इंच दांड्याचे वजन वाढले म्हणून मुलीने चिलखताचे दोन बोल्ट आखूड केले. मोटरचा क्लचही तसाच ठेवला. नांगी अडली की तो घसरेल आणि मोटर जळणार नाही. मिस्त्रींनी मजुरी सांगितली त्यापेक्षा खजिनदाराने पन्नास रुपये जास्त दिले. आठ दिवसांत त्याने असे केल्याचे मी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

सामन्याच्या दिवशी आम्ही कांजूरमार्गला उतरून रिक्षाने पवईला गेलो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला तलाव. रशियाच्या मदतीने इथे आय.आय.टी. उभी राहू लागली तेव्हा हे मुंबईबाहेरचे रान होते. आता भोवती उंच इमारतींची भिंत झाली आहे, पण तलावात मगरी अजून आहेत. पाण्याकडे पाहत मुलगी म्हणाली, “मगरीचा जबडा मिटायचा जोर भयंकर असतो. पण उघडायचे स्नायू इतके दुबळे, की चिकटपट्टीनेसुद्धा तोंड बंद ठेवता येते.” मी म्हटले, “म्हणजे निसर्गानेही सोडण्याकडे लक्ष दिलेले दिसत नाही.” पण कुणी हसले नाही, सगळ्यांचे चित्त रिंगणात होते.

पारदर्शक जाड भिंतींचे ते रिंगण आणि भोवती हजारो मुले. पहिल्या सामन्यात खेकड्याने पाचरीसारख्या एका यंत्राला कडेने धरले, भिंतीशी नेले, ठरलेले सेकंद दाबून सोडले, पुन्हा धरले. या खेळात पकड अमर्याद ठेवता येत नाही. पंच सांगतील तेव्हा सोडावे लागते. आमचा खेकडा शहाण्यासारखा सोडत होता. आम्ही जिंकलो. मी टाळ्या वाजवताना चष्मा पाडला.

दुसऱ्या सामन्यात समोर फिरता ढोल आला. पहिल्याच टोल्याला ठिणग्यांचा फवारा उडाला आणि खेकडा हातभर फेकला गेला. दुसऱ्या टोल्याला एक चाक वाकडे झाले. तिसऱ्यांदा भाच्याने त्याला कुशीतून गाठले. नांगी मिटली, ढोलाची बाजूची पट्टी दाबली गेली, ढोल थांबला, त्याची चाके अधांतरी फिरू लागली. सगळे रिंगण ओरडत होते. पंचांनी सोडायची खूण केली आणि भाच्याने बटण दाबले.

खेकडा हलला नाही. पुन्हा दाबले. टोल्यांनी आतली बॅटरीची तार तुटली होती. खेकडा मेला होता. पकड मात्र जिवंत होती.

सामना थांबवला. दार उघडले, दोन्ही यंत्रांच्या बॅटऱ्या तोडल्या. समोरच्या संघातला एक पोरगेला मुलगा आपले यंत्र ओढून काढायला वाकला आणि त्याने पट्टीखाली, थेट नांगीच्या दातांजवळ, हात घातला.

“हात काढ!” भाचा इतक्या जोरात ओरडला की मी दचकलो. “आधी हात काढ!”

मुलाने हात काढला. भाच्याने गळ्यातली किल्ली चौकोनी टोकावर बसवली आणि उलटी फिरवायला लागला. दुसऱ्या फेऱ्यालाच अडकलेली पट्टी पिचकन सरकली आणि ढोल धाडकन जिथे आदळला, तिथेच क्षणापूर्वी तो हात होता. अकरा फेऱ्यांत नांगी पुरती उघडली.

नियमाप्रमाणे आम्ही हरलो. मेलेल्या यंत्राला गुण नसतात. बाहेर पायरीवर चौघे गप्प बसले होते. चौथ्यालाही भूक नव्हती. मग समोरच्या संघातला तो मुलगा आला. त्याने काही न बोलता ती किल्ली पाहायला मागितली, चौकोनाचे माप घेतले आणि वहीत लिहून घेतले.

परतताना आम्ही मुद्दाम वाकडी वाट करून रे रोडला उतरलो. मिस्त्री गोदामाला कुलूप लावत होते. त्यांनी जिंकलात की हरलात हे विचारलेच नाही.

“किल्लीनं सुटलं का?”

“सुटलं,” भाचा म्हणाला.

“बरं झालं,” म्हणून त्यांनी कुलूप ओढून पाहिले आणि ते स्टेशनाकडे चालू लागले.

घरी पोहोचल्यावर फोन वाजत होता. मी उचलला. पलीकडून बहिणीचा आवाज आला, “दादा?”

“दहाच्या दहा आहेत,” मी म्हणालो. “मोजून घेतली.”